भुईगावच्या विहिरीचा पाठ

बर्थाचा पाठ शुक्रवारी छापायला जाणार होता. त्याआधी बुधवारी बेटांवरच्या शाळांशी शेवटचं बोलणं होतं. तो पाठ खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं.

बर्था माझी बायको. भुईगावच्या शाळेत तिने सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. मालदीव, मॉरिशस, सेशेल्स अशा बेटांच्या देशांतल्या काही शाळांनी मिळून एक गट केला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक शाळा आपल्याकडच्या एका विहिरीचा खारटपणा मीटरने मोजते आणि आकडा सगळ्यांना कळवते. आकडा जेवढा मोठा, तेवढं पाणी खारट. आपण बेट नाही, आपल्याला कोण घेणार, असं मी म्हणालो होतो. तिने पत्र लिहिलं. उत्तरेला खाडी, दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वी आमची वसई बेटच होती. त्यांनी घेतलं.

"बघ हिलरी," ती म्हणाली, "घरबसल्या तुला बेटावर नेला."

विहीर आमच्याच वाडीतली. मुलांनी तिच्याशेजारी खड्डा खणला, त्यात दगड आणि वाळू भरली, आमच्या छपरावरचं पावसाचं पाणी त्यात सोडलं. त्या खड्ड्यामुळे विहीर गोड राहते का, ते बघायचं होतं.

मागच्या नोव्हेंबरात बर्था अंथरुणाला खिळली आणि मोजायचं काम माझ्याकडे आलं. त्या महिन्यात आकडा पाचशे वीस आला. डिसेंबरात आठशे दहा. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. आणखी एक वाईट बातमी घेऊन मला तिच्या खोलीत जाववेना.

"किती आला?" तिने विचारलं.

"पाचशे तीस."

ती हसली. वही मागून घेतली आणि आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. मग दर महिन्याला तेच. मी मागच्या आकड्यात पाच-दहा वाढवून सांगायचो, ती लिहायची आणि कळवायची. खरे आकडे मी पंपाच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहिले. मे महिन्याचा दोन हजार शंभर होता.

फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "चहा खारट लागतो रे." मी म्हणालो, औषधाने तुझं तोंड बिघडलंय. दुसऱ्या दिवसापासून विकतच्या पाण्याचा बाटला आणायला लागलो. चार दिवसांनी म्हणाली, "आज चहा बरा लागला. तोंडाला चव येतेय वाटतं." तिला वाटलं, आपण सुधारतोय.

मेमध्ये पडल्या पडल्या तिने पाठ लिहिला. आमच्या खड्ड्याने विहीर कशी वाचली, याचा. गटाने तो सगळ्या बेटांच्या सहावीच्या पुस्तकात घ्यायचं ठरवलं. ते पत्र मी तिला वाचून दाखवलं. जूनमध्ये ती गेली.

आता ऑगस्ट. मंगळवारी मी तिच्या जागेवर आलेल्या दिपिका टीचरला सगळं सांगितलं.

"अंकल, हे आत्ता सांगताय?"

"शुक्रवारी छापणार म्हणून."

ती मग म्हणाली, "त्या पाठावर बर्था टीचरचं नाव आहे. मुलांनी पोस्टर पण केलंय. तुम्ही उद्या काही बोलू नका. हात हलवा फक्त. बाकी मी बघते."

मला तेच ऐकायचं होतं. ऐकून बरं मात्र वाटलं नाही.

बुधवारी सगळे आमच्या वाडीत जमले, कारण बेटांवरच्या मुलांना विहीर बघायची होती. सहावीतली रेवा मला म्हणाली, "अंकल, तुम्ही बटणं चुकीची लावलीत. तिकडे सगळे बघतील." मी बटणं लावून घेतली. बर्था असती तर घरातच ओरडली असती.

दिपिकाने लॅपटॉप विहिरीच्या कठड्यावर ठेवला. मालदीवच्या आइशत टीचर पडद्यावर आल्या. त्या बर्थाबद्दल चांगलं बोलल्या. मी हात हलवला. मग त्यांनी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला पुढे केलं. ती इंग्रजीत बोलत होती, दिपिका मराठीत सांगत होती.

"त्यांनी पण बर्था टीचरच्या पद्धतीने खड्डा खणलाय. तरी विहीर जास्तच खारट झाली. मग शाळेच्या मैदानात अजून दोन खणले. तरी तेच." दिपिका थांबली. मुलीने काहीतरी पुन्हा विचारलं. दिपिका माझ्याकडे बघत हळू म्हणाली, "ती विचारतेय, आमची काय चूक झाली?"

पोरगी वही उघडून, पेन हातात धरून बसली होती. मी काय सांगतो ते ती लिहून घेणार होती आणि परत खणणार होती.

"त्यांना सांग, त्यांची काही चूक नाही," मी म्हणालो. "लॅपटॉप उचल आणि चल माझ्याबरोबर."

"अंकल, नको ना."

"उचल."

पंपाच्या खोलीत मी दिवा लावला आणि भिंत दाखवली. एकेक महिना वाचला. दिपिकाला मध्येच पुढे सांगवेना, तेव्हा रेवाने पुढचे आकडे इंग्रजीत वाचले. बर्थाला का खोटं सांगितलं, तेही मी सांगितलं. त्याचं कोणी भाषांतर केलं की नाही, मला कळलं नाही. मग आइशत टीचरनी सगळे आकडे परत सांगायला लावले आणि वर्गाने ते उतरवून घेतले. पाठ छापणार नाही, असं त्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं.

त्या मुलीने शेवटी एकच विचारलं. मग तुम्ही पाणी कुठलं पिता?

"टँकरचं, नाहीतर बाटल्याचं," मी म्हणालो. "आणि तुम्ही?"

त्यांच्याकडे होडीने येतं.

मुलं गेली. पोस्टर कठड्याला टेकवून ठेवलेलं होतं, ते न्यायला कोणी थांबलं नाही. रेवा तेवढी मागे राहिली.

"अंकल, टीचरला माहीत होतं?"

"नाही."

"मग त्या खूश होत्या ना?"

मी तिला हो म्हणालो आणि घरी पाठवलं. मग विहिरीचं भांडंभर पाणी काढलं आणि त्याचा चहा केला. दूध फाटलं. तो तसाच प्यालो. तुझं तोंड बिघडलं नव्हतं, बर्था. चहाच खारट होता.