युनाच्या तीन ओळी

मी डॉट-प्रोफाइल बोलतोय. नावाआधी ठिपका आहे, म्हणून फायलींच्या साध्या यादीत मी दिसत नाही. दिसायची हौसही नाही.

ऑस्ट्रेलियात क्विल्पी गावाच्या पुढं मर्वचं मेंढ्यांचं रान आहे. त्याच्या स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरात मी राहतो. मर्वनं नाव आणि पासवर्ड दिला की काळ्या पडद्यावर शेल जागा होतो. शेल म्हणजे टाइप केलेलं ऐकून काम करणारा. पण माणसाचं ऐकायच्या आधी तो मला वाचतो, वरून खाली, एकदाच. मग मी गप पडायचं. आयुष्य म्हणाल तर एवढंच.

मला मर्वच्या बायकोनं, युनानं लिहिलं. पहिल्या ओळीत प्रोग्रॅम कुठं ठेवलेत त्याचा पत्ता. दुसरीमुळं 'रेन' टाइप केलं की पावसाची वही उघडायची, कारण मर्वच्या जाड बोटांना लांबलचक आज्ञा जमत नव्हती. तिसरी ओळ पडद्यावर उमटायची: 'मर्व, नऊ वाजले. पाऊस मोजून ये. चहा गार होतोय.'

रोज नऊला मोजायचं. पडला नसला तरी शून्य लिहायचं. आधी कागदावर, मग इथं, एक्केचाळीस वर्षं खाडा नाही. युना गेली त्याच्या दुसऱ्या सकाळीही ओळ उमटली आणि त्यानं शून्य लिहिलं. मला काही वाटलं नाही. त्यालाही वाटलेलं दिसलं नाही.

मग मुलगी रोविना आली. तिनं मेंढ्यांच्या नोंदींचा नवा प्रोग्रॅम टाकला आणि सूचनेत लिहिलं होतं म्हणून डॉट-बॅश-प्रोफाइल नावाची नवी फाइल केली. जुनी कुठली पडलीय का, हे बघितलं नाही. नवशिके बघतच नाहीत. आणि शेलची रीत अशी, की ती सापडली तर तीच वाचायची. माझ्याकडं ढुंकून बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळ उमटली नाही. मर्वनं 'रेन' टाइप केलं. शेल म्हणाला, अशी आज्ञाच नाही. पाच वेळा टाइप करून मर्व बसून राहिला. चार दिवस वही कोरी.

रोविना म्हणाली, यंत्र म्हातारं झालंय, सगळं पुसून नव्यानं भरू. मर्व बरं म्हणाला. मीही बरंच म्हणालो असतो.

पाचव्या सकाळी टपाल घेऊन थेल्मा आली. ती पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिनं लपलेल्या फायलींची यादी काढली, मला उघडलं, वाचलं.

"हे पुसायला निघाली होतीस होय गं?"

रोविनानं वाचलं आणि खुर्ची ओढून खाली बसली.

"आणि तू रे, मर्व? चार दिवस तोंडात काय धरलं होतंस?"

"मला वाटलं," मर्व म्हणाला, "आता तिनंही बोलायचं बंद केलं."

थेल्मानं नव्या फायलीत एकच ओळ घातली: जुनीही वाच. मग मर्वला म्हणाली, कॉम्प्युटरातून बाहेर पडून नाव-पासवर्ड देत परत शिर, नव्यानं वाचल्याशिवाय शेलला बदल कळत नाही.

ओळ उमटली. मर्व टोपी घालून बाहेर गेला, परत आला. शून्य लिहिलं. मागच्या चार दिवसांपुढं 'बघितलं नाही' असं लिहिलं. एक्केचाळीस वर्षांतला पहिला खाडा, तो त्यानं लपवला नाही.

तुम्हाला एकच सांगणं. नवी फाइल करण्याआधी लपलेल्या फायलींची यादी काढून बघा. कुणीतरी तिथं पडलेलं असतं.

आता मी दुसऱ्या फायलीच्या बोलावण्यावरून वाचला जातो. चालतं. चहा गार होतोय, असं रोज सांगतो. चहा कुणी केलेला नसतो. मर्व "आलो" म्हणतो आणि टोपी उचलतो.