ऑस्ट्रेलियाची बाजू

गोकुळ बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत कामाला होता. लॉकडाऊन लागला तरी दूध काही थांबत नव्हतं, त्यामुळं लासुर्ण्याजवळच्या वस्तीवरून तो रोज मोटारसायकलवर जाऊन येत होता. त्याचं हे जाणं-येणं सावळाराम तात्यांना खुपत होतं. वस्तीवर तात्यांचा शब्द चाले. त्यांनी वस्तीच्या वाटेवर आपला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा लावला, कडेला मोटारसायकलपुरती फट ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

एका दुपारी गोकुळच्या छातीत कळ आली. घामानं भिजून तो ओट्यावरच आडवा झाला. शेजारच्या रावजीनं आपली जीप काढली, पण पुढं ट्रॅक्टर. गोकुळची बायको अनिता तात्यांच्या दारात धावली. मागोमाग शाळकरी निकिता, तिची मुलगी.

"तात्या, ट्रॅक्टर जरा मागं घ्या. ह्यांच्या छातीत लई दुखतंय."

तात्या तोंडाला उपरणं लावून मागं सरले. "ताप हाय का?"

"ताप न्हाय वो. इंदापूरला न्यायचंय."

"एकाला काढला की समद्यांना काढावा लागंल. नियम म्हंजी नियम. मोटारसायकलला वाट ठेवलीया न्हवं?"

अनितानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागं घेतले.

शेवटी रावजीनं मोटारसायकल घेतली. मध्ये गोकुळ, मागं त्याला धरून अनिता. इंदापूर यायच्या आतच गोकुळचं डोकं रावजीच्या पाठीवर टेकलं, ते पुन्हा उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा मुलगा ऋषिराज बायको-मुलीला घेऊन पुण्याहून आला. तात्यांनी स्वतः ट्रॅक्टर मागं घेतला, पांढरी गाडी आत घेतली आणि ट्रॅक्टर पुन्हा होता तिथं लावला. निकिता दारात बसून हे बघत होती. गाडीच्या काचेतून तिच्याच वयाची एक मुलगी बाहेर बघत होती. दोघींची नजरानजर झाली. वस्तीवर आणखीही लोकांनी पाहिलं, पण तात्यांपुढं बोलणार कोण?

काही वर्षं गेली. निकिता आता बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. बारामतीत दर वर्षी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा व्हायची. स्पर्धेची ढाल तात्यांच्या वडिलांच्या नावानं होती आणि प्रमुख पाहुणे म्हणून तात्याच यायचे. यंदा विषय लागला: पुढची साथ आली तर देशांनी आपली दारं बंद करावीत की नाही. नोटीस बोर्डापुढं निकिता बराच वेळ उभी राहिली आणि मग थेट नाव द्यायला गेली.

तिनं ठरवलं होतं, दारं बंद करण्याच्या विरोधात बोलायचं आणि भर सभेत तात्यांचं नाव घ्यायचं. पण प्रत्येकाला एका देशाची बाजू चिठ्ठी काढून मिळणार होती. तिला ऑस्ट्रेलिया आला. म्हणजे दारं बंद करण्याच्या बाजूनं. चिठ्ठी हातात चुरगाळली गेली. ज्यानं बापाला वाट दिली नाही, त्याचीच वकिली करायची?

मग विरोधी बाजूची नावं वाचली गेली. स्वीडन, राजलक्ष्मी. म्हणजे सावळाराम तात्यांची नात. गाडीच्या काचेतली मुलगी. ऋषिराजनं पुढं बारामतीतच धंदा टाकला होता, ती तिथल्याच दुसऱ्या कॉलेजात शिकत होती.

निकितानं चिठ्ठी सरळ केली. आता तिला हीच बाजू हवी होती.

सभागृह भरलेलं होतं. तात्यांबरोबर वस्तीवरचे लोकही आले होते, रावजीही होता. निकिता बोलायला उभी राहिली. ऑस्ट्रेलियानं सीमा बंद केल्या, परदेशात अडकलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही ताटकळत ठेवलं, भारतातून परत येऊ पाहणाऱ्यांना काही काळ तर तुरुंगाची भीती घातली. लोक चिडले, पण हजारो जीव वाचले.

"कठोर व्हायला धाडस लागतं," ती म्हणाली. "ते धाडस मी लांब कुठं नाही, आमच्या वस्तीवर पाहिलंय. आज व्यासपीठावर असलेल्या सावळाराम तात्यांनी वाटेवर ट्रॅक्टर आडवा लावला होता. माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली, तरी त्यांनी तो हलवला नाही. माझे वडील गेले."

तात्यांनी खुर्चीत चुळबुळ केली.

"मी तक्रार करत नाहीये. नियम सगळ्यांना सारखा असेल तर माणूस दुःख गिळतो. देशांनी असंच वागावं, एवढंच माझं म्हणणं आहे. परवानगी असेल तर तात्यांनीच सांगावं. तो ट्रॅक्टर कुणासाठी तरी हलला होता का?"

सूत्रसंचालन करणाऱ्या प्रगती मॅडमनी तात्यांकडं पाहिलं. निकिताच्या आवाजात राग नव्हता, उलट आदर होता. तात्यांना हायसं वाटलं. त्यांनी माईक ओढून घेतला.

"पोरीचं दुःख मोठं हाय. पण खरं सांगतो, कुणासाठी म्हंजी कुणासाठी न्हाय हलवला. देव जरी आला असता तरी!"

टाळ्या पडल्या. वस्तीवरच्या लोकांनी मात्र हात मांडीवरच ठेवले. निकिता शांतपणे जागेवर जाऊन बसली आणि राजलक्ष्मीकडं बघू लागली. आता तिची पाळी होती. खोटं गिळून बसली तर वस्ती बघत होती. खरं बोलली तर आजोबा बघत होते.

राजलक्ष्मी माईकपाशी आली. हातातले कागद तिनं उलटे ठेवले.

"स्वीडनमध्ये लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या, लोकांवर विश्वास ठेवला गेला. तिथंही म्हातारी माणसं खूप गेली, ते मी लपवणार नाही. मला याच्यापुढं बरंच बोलायचं होतं." तिनं एकदा आजोबांकडं पाहिलं. "पण आधी एक सांगते. ट्रॅक्टर हलला होता. हिचे वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही पुण्याहून आलो होतो. मी गाडीत होते."

"लक्षे, खाली बस!" तात्या ओरडले. माईक चालूच होता, ओरडणं सगळ्या सभागृहात घुमलं.

ती बसली नाही. "बंद दार सगळ्यांना बंद नसतं. ज्याच्याकडं किल्ली असते त्याची माणसं आत येतात. मोठ्या देशांनीही हेच केलं, लस आधी आपल्या घरात साठवली. म्हणून दारं बंद करण्याचा अधिकार कुणाच्या एकट्याच्या खिशात असू नये."

मागच्या रांगेतून रावजी उठला. "पोर खरं बोलतीया. आमी समद्यांनी बघितलंय."

तात्या उठून व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्यांना हात द्यायला कुणी पुढं झालं नाही. ढाल राजलक्ष्मीला मिळाली. ती द्यायला पाहुणे नव्हते, प्रगती मॅडमनीच दिली.

बाहेर पार्किंगमध्ये राजलक्ष्मीनं निकिताला गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"मी गाडीत होते हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मला आधी विचारलं असतंस तर मी तुला सगळं सांगितलं असतं."

"मला कशाला? मला माहीतच होतं. त्यांच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं, आणि ते तूच."

"आजोबा आता माझ्याशी बोलणार नाहीत."

निकिताला त्या क्षणी तिची कीव आली. पण झालेल्या गोष्टीचं वाईट वाटलं नाही. तिनं गाडीला किक मारली. वस्तीपर्यंतच्या अख्ख्या वाटेवर तिला तात्यांचं पांढरं पडलेलं तोंड दिसत होतं आणि ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात तात्या स्वतः आले. अनिता अंगणात बाजाराला न्यायची वांगी निवडत होती. तात्या ओट्याकडं निघाले.

"तितंच उभं ऱ्हावा," अनिता म्हणाली.

तात्या थांबले. "साथ व्हती, अनिता. भ्या वाटत व्हतं. टीव्हीवर काय काय दावत व्हते."

"भ्या समद्यांनाच व्हतं."

"वस्तीवर कुणी बोलंना झालंय. नात घरी येईना." ते जमिनीकडं बघत पुटपुटले, "चूक झाली माझी."

"मोठ्यानं बोला. रावजीच्या रानात ऐकू गेलं पायजे."

पलीकडं रावजी टोमॅटोला पाणी देत होता. तो खोरं टेकून इकडंच बघत होता. त्याच्याजवळच्या बायाही वाकायच्या थांबल्या होत्या. तात्यांनी एकदा निकिताकडं पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, तिनं नजर हटवली नाही.

"चूक झाली माझी!" तात्या ओरडले. म्हाताऱ्या गळ्यातून आवाज चिरकला. "गोकुळला मी वाट दिली न्हाय! माझ्या पोराला दिली!"

अनितानं ऐकून घेतलं. एक किडकं वांगं निवडून बाजूला टाकलं. तात्या बराच वेळ काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबले, मग उपरण्यानं तोंड पुसत आले तसे निघून गेले.

"माफ केलंस का गं?" निकितानं विचारलं.

"न्हाय," अनिता म्हणाली. "पर आज पोटभर जेवीन."