चष्म्याचं कार्ड

डॉक्टर चिंतामणी हुशार होते, यात वाद नव्हता. फक्त ते त्यांना स्वतःलाही जरा जास्तच पटलेलं होतं.

महाडात त्यांचा दवाखाना आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं संशोधन. एचआयव्हीच्या गोळ्या खेड्यातली माणसं मध्येच का सोडतात? बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंतची एकेचाळीस माणसं त्यांच्या रजिस्टरात होती. दर महिन्याला यायचं, तपासून घ्यायचं, गोळ्या न्यायच्या. गोळ्या चुकल्या की औषध लागू पडेनासं होतं, हे डॉक्टर प्रत्येकाला बजावत. तरी माणसं गळायचीच.

२००५ साली त्यांना युक्ती सुचली. आठवणीसाठी पोस्टकार्ड पाठवायचं. पण कार्ड उघडं, वाटेत चारजण वाचणार. म्हणून त्यावर लिहायचं, ‘आपला चष्मा तयार आहे. सोमवारी घेऊन जावा.’ पहिले तीन महिने एकही माणूस चुकला नाही. डॉक्टरांनी निबंध लिहिला, पुण्याच्या परिषदेत तो वाचायचं ठरलं, आणि आणखी दोन तालुक्यांनी तशीच कार्डं छापून घेतली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

चौथ्या महिन्यात उमरठच्या पुढच्या एका वाडीतला हैबती गेला. कशानं गेला, ते षट्कर्णी व्हायला वेळ लागला नाही. त्याच्या उशाशी गोळ्यांची डबी सापडली आणि चष्म्याची तीन कार्डं. हैबतीनं तर जन्मात चष्मा लावला नव्हता. तेव्हा पोस्टमन चांगू सहज बोलून गेला, “असलीच कार्डं जानकीबाईला पन येतात.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

त्याच वाडीतली जानकीबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ती दोन महिने दवाखान्यात आली नाही. आणखी दहाजणांनी पाठ फिरवली. शेवटी एका सकाळी डॉक्टर एसटीनं उमरठला उतरले आणि चालत वाडीवर गेले.

जानकीबाई पडवीत बसली होती. फार वाळली होती. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा.

“डोळ्यांना काय झालं?”

“डोल्यांना काय धाड भरलीय? महाडच्या बाजारातनं घेतला. म्हटलं, तुमचं कार्ड खरं करावं. चार दिस लावून फिरली. चुलीवरचा टोप धड दिसं ना, हात भाजला. पर कुनी इस्वास ठेवला नाय. पोरं खिचडी खायना झाली. आता दुसरी बाई शिजवते.”

डॉक्टरांना शरमेनं मान वर करवेना. “मी शाळेच्या गुरुजींना सांगतो, की ते कार्ड खरंच चष्म्याचं...”

“आनखी खोटं नको, डाक्टर.”

“मग गोळ्या तरी घ्या. नाहीतर...”

“मरन. ठावं हाय मला.” तिनं चष्मा काढून बाजूला ठेवला. “तुमच्या वहीत माझ्या नावाफुडं काय लिवलंय?”

रजिस्टर पिशवीत होतं. ‘गोळ्या सोडण्याचं कारण’ या रकान्यात डॉक्टरांनीच लिहिलं होतं, ‘रुग्णाचा निष्काळजीपणा.’ तिला वाचता येत नव्हतं. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. डॉक्टरांनी आहे तसं वाचून दाखवलं.

 ती म्हणाली, “खोडा. काय झालं ता लिवा.”

त्यांनी खोडलं, लिहिलं, आणि वाचलं, “डॉक्टरांच्या कार्डामुळे गावाला कळलं. काम गेलं. म्हणून सोडल्या.”

“अशी कार्डं आनखी कुनाला जातात?”

“दोन तालुक्यांत जाणार आहेत. माझ्याच सांगण्यावरून.”

“मग ती आदी थांबवा. मंगच मी गोली घेईन.”

डॉक्टर आल्या पावली उमरठला गेले. एका दुकानातल्या फोनवरून त्यांनी दोन्ही तालुक्यांना कळवलं, कार्डं फाडून टाका. मग पुण्याला सांगितलं, माझा निबंध मागे घेतो. पलीकडचा माणूस म्हणाला, “अहो, पण तुमचे आकडे किती चांगले आहेत!”

“चुकीचे आहेत,” डॉक्टर म्हणाले.

ते परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

“थांबली?”

“थांबली.”

तिनं हात पुढे केला. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. दोन महिन्यांचा खंड पडला होता. औषधाचा आता पूर्वीसारखा गुण येईलच, हे त्यांना सांगता येत नव्हतं. तेही त्यांनी तिला खरं सांगितलं.

“बरं,” जानकीबाई म्हणाली, आणि तिनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.