चार बोटांचं अंतर

मित्रांनो, मी उदगीरच्या एका शाळेतला जुना पृथ्वीगोल आहे. पत्र्याचा. माझ्या आफ्रिकेवर एक पोचा आहे, पण फिरवलं की अजून गरागरा फिरतो. नवा होतो तेव्हा मला हात लावायला मुलांची झुंबड उडे आणि मी फुशारून जाई. एका दुष्काळातल्या त्या सोळा दिवसांत मात्र मी मनातून पार हादरलो.

लातूर नुकताच उस्मानाबादेपासून वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसाने दगा दिला होता. शाळेचा आड आटला होता. नागुबाई लांबून हंडे आणून शाळेचं पाणी भरायची. तिचा एकुलता एक मुलगा भुजंग वेल्डर होता. तो मुंबईहून विमानाने कुवेतला निघाला. त्याला एसटीत बसवून नागुबाई थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"गुरुजी, कुवेत किती लांब हाय?"

सिद्रामप्पा गुरुजींनी माझ्यावर दोरा ताणला. "मुंबईपासून पावणेतीन हजार किलोमीटर. विमानाला चार तास."

तिने दोऱ्यावर बोटं टेकवली. चारच मावली. ती जरा हसली. मग बोटं उचलून तिने नीट पाहिलं.

"खाली समदं निळंच हाय. ह्ये पाणी व्हय?"

"समुद्र आहे, नागुबाई."

"मंग इमान बिघडलं तर उतरायचं कुठं?"

गुरुजी दोरा गुंडाळू लागले.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "चार तास कवाच झाले की!" पत्राला आठ-दहा दिवस लागतात, असं गुरुजींनी समजावलं. दहा दिवस झाले. बारा झाले. कुणीतरी सांगितलं, रेडिओवर विमान पडल्याची बातमी होती. कुठलं, ते त्याने नीट ऐकलं नव्हतं.

त्यानंतर वर्ग रिकामा झाला की नागुबाई यायची आणि ओल्या पदराने माझा समुद्र घासायची. पुसला जाईना, तेव्हा नखाने खरवडायची. माझा रंग उडत होता, खालचा पत्रा दिसू लागला होता. "इमानाला टेकायला जागा पायजे," असं पुटपुटायची.

सोळाव्या दिवशी पत्र आलं. भुजंगने सवयीने पत्त्यावर जुना जिल्हा लिहिला होता, म्हणून पाकीट उस्मानाबादेला फिरून आलं होतं. गुरुजी वाचू लागले.

"आईस सप्रेम जयभीम. विमान दोन दिवस उशिरा सुटलं. मी सुखरूप पोचलो. वर गेल्यावर लई भ्या वाटलं. डोळे मिटून तुझंच नाव घेत होतो."

नागुबाई मटकन खाली बसली. "भ्यालं व्हय माझं लेकरू," म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी होऊन रडली.

मित्रांनो, मला कपाटावर धूळ खात टाकू नका, हलक्या हाताने पुसा. आणि कुणी लांबच्या गावाचं अंतर विचारलं, तर नुसता आकडा सांगून उठू नका. तिकडे तुमचं कोण गेलंय, हेही विचारा.