मावशींचा खालचा सूर

शिलाई मशीनच्या खणात, चिंध्या आणि बटणांच्या डबीशेजारी पडलेला जुना माइक म्हणजे मी. मित्रांनो, मला सगळं ऐकू येतं, पण बोलायचं म्हटलं तर एक अक्षर येत नाही.

कारखान्यातून बाहेर पडताना तपासणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर टाळी वाजवली. "हा तिखट कानाचा आहे," म्हणाल्या. त्या कौतुकावर मी आजवर जगलो.

मला विकत घेतलं काकांनी, मावशींसाठी. मावशी कपडे शिवतात आणि एका गायनवृंदात गातात. त्या वृंदात वाद्य एकही नाही, सगळं गळ्यानेच. माणसं दूरदूर पांगली, तेव्हा गाणं ऑनलाइन सुरू झालं. सगळे एकदम गायले तर कुणाचा आवाज आधी पोचे, कुणाचा मागून, नुसता गोंधळ. म्हणून प्रत्येकाने कानात मूळ चाल ऐकत आपापल्या घरी एकट्याने गायचं आणि वृंदाच्या मास्तरांनी ते सगळे आवाज जोडायचे. मावशींना ही पद्धत लगेच पटली. शिवणकामच की ते!

मावशींचा सूर सगळ्यांच्या खाली असे. ओठ मिटून धरलेला, लांबलचक, एकसंध. त्या पंखा बंद करत, दाराच्या फटीत रजई कोंबत आणि घामाघूम होऊन गात. "मावशी, तुमच्या सुरावर आम्ही उभे आहोत," असं मास्तर म्हणाले की मीही फुगायचो.

मग मास्तरांनी सगळ्यांना आवाज साफ करणारं एक ॲप घ्यायला लावलं. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, असे एकसारखे चालणारे आवाज ते पुसून टाकतं. मित्रांनो, मावशींचा सूरही एकसारखाच होता! मी तो जसाच्या तसा पुढे दिला आणि त्या दीडशहाण्याने पंखा समजून पुसला. मागे उरले ते फक्त मधले श्वास.

"मावशी, नुसत्या धापा ऐकू येताहेत," मास्तर चाचरत म्हणाले.

मावशींनी स्वतः ऐकून पाहिलं. खरोखरच धापा. गरम पाणी पिऊन, पाठ ताठ ठेवून त्या पुन्हा गायल्या, सूर तसूभरही न हलवता. आणि सूर जितका स्थिर, तितका तो साफ पुसला जाई. जरा कापला असता तर कदाचित वाचला असता! मी जीव तोडून ऐकत होतो. त्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

"वय झालं की आवाज बसतो, मावशी. वाईट वाटून घेऊ नका. या खेपेला विश्रांती घ्या," मास्तर म्हणाले.

काका शेजारच्या खोलीतून आले. "अगं, मला भिंतीपलीकडे ऐकू येतंय की!"

"तुम्ही घरचे. तुम्हाला येणारच," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी माझी वायर काढली.

गाणं त्यांच्याविना झालं. 'किती स्वच्छ!' असं लोकांनी लिहिलं. मला ते अधांतरी वाटलं. मावशी मात्र "छान झालंय हो" म्हणाल्या आणि डोळे पुसून शिवायला बसल्या.

मित्रांनो, यंत्रं जरूर वापरा, मीही यंत्रच आहे. पण कुणाचा आवाज पोचला नाही, तर तो संपला असं ठरवण्याआधी एकदा त्याच्यासमोर बसून ऐका. मी खणात धूळ खातो याचं मला दुःख नाही. काल बटणं लावताना मावशी नकळत गुणगुणू लागल्या. सूर अगदी पूर्वीसारखा, ठाम. मी कान टवकारले. तेवढ्यात काकांची चाहूल लागली आणि त्या ओशाळून गप्प झाल्या.