आप्पासाहेबांचा नाच

मी एक जुना व्हीआर चष्मा आहे. मला डोळ्यांवर बांधलं की लोह्याच्या मंजुळाबाई हातभर अंतरावर लावणी करताना दिसतात. मित्रांनो, माझा पट्टा तुटला आहे, काचेवर चरा आहे आणि स्वभाव डूख धरणारा आहे. तो तसाच राहणार.

लातूरच्या आप्पासाहेबांनी मला जत्रांत फिरवण्यासाठी विकत घेतलं. माझ्यात भरायला त्यांना मंजुळाबाईंची लावणी हवी होती. बाईंचा गुडघा कामातून गेलेला. डॉक्टरांनी नाच बंद सांगितलेला.

"रचना माझी हाय. खेळाच्या सुरुवातीच्या पाटीवर माझं नाव टाका. दुसरं काई नको," बाई म्हणाल्या.

"टाकतो की!" आप्पासाहेब म्हणाले. त्या शब्दावर बाईंनी शेवटचे चाळ बांधले.

अंगणाच्या मधोमध एक गोल कॅमेरा ठेवला होता. तो चारी बाजूंना एकदमच पाहतो; मला घालून मागे वळलं की मागचंही दिसतं. समोर बाई एकट्याच दिसाव्यात म्हणून त्यांचे जन्माचे ढोलकीवाले किशन यांना कॅमेऱ्याच्या मागे बसवलं. कॅमेरावाला बटण दाबून भिंतीआड गेला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीबी आडोशाला या."

"मी मागंच उभा हाय की! मला शिकवतो का?"

आप्पासाहेब हलले नाहीत. बाईंनी ठेका धरला, तसे ते मागे त्यांची नक्कल करत लंगडत नाचू लागले. किशनना डोळा मारून म्हणाले, "या लंगडीचं नाव कशाला? नाव आपल्या सूनबाईचं, रुद्राणीचं!" किशनचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. थांबला असता तर बाईंचा शेवटचा नाच मोडला असता. हे सगळं माझ्या पोटात येऊन बसलं.

पाटीवर 'नृत्यरचना : रुद्राणी' आलं. मी नुसता धुमसत होतो. आप्पासाहेब मला कधी घालायचे नाहीत, भांग विस्कटतो म्हणून. आणि आमच्याकडे नाचणारीला पाठ दाखवणं म्हणजे तिचा अपमान; त्यामुळे जत्रेतला एकही माणूस मागे वळायचा नाही, आणि मागचं बोलणं जत्रेच्या गलक्यात बुडून जायचं. मी मनात ओरडायचो, अरे, एकदा तरी वळा!

त्या वर्षी किशन वारले. मग लातूरला रुद्राणीचा सत्कार ठरला आणि तिला हार घालायला मंजुळाबाईंनाच बोलावलं. बाईंनी पाटी वाचली. फोटोसाठी मला त्यांच्या डोळ्यांवर बांधलं. मला दिसेल ते मोठ्या पडद्यावरही दिसत होतं. माझी बॅटरी संपत आली होती. म्हटलं, आज मरायचं नाही.

बाईंनी स्वतःचा नाच क्षणभर पाहिला. तेवढ्यात मागून ढोलकी वाजली. बाई गर्रकन वळल्या.

"किशन!" त्या म्हणाल्या.

पडद्यावर किशन दिसले. आणि त्यांच्या शेजारी, सगळ्या सभागृहासमोर, लंगडत नाचणारे आप्पासाहेब. त्यांचं बोलणंही लख्ख ऐकू आलं.

"बंद करा ते!" आप्पासाहेब ओरडले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "किशन अजून वाजवून राहिलाय." ढोलकी संपेपर्यंत त्यांनी मला काढू दिलं नाही. मग म्हणाल्या, "आप्पासाहेब, गुडघा असा वाकत न्हाई. या वर, पुन्यांदा करून दाखवा."

सभागृहातून 'वन्स मोअर'चा एकच गिल्ला झाला. रुद्राणीने स्वतःचा हार काढून बाईंच्या गळ्यात घातला. आप्पासाहेबांनी मला जमिनीवर आपटलं. पट्टा तुटला तो तेव्हाच. मित्रांनो, इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

बाईंनी मला उचलून आणलं; आता मी नांदेडला जावेदभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात असतो. तो भाग पुसून टाका म्हणून आप्पासाहेब दोनदा येऊन गेले. जावेदभाई म्हणाले, "बाईंची परवानगी आणा, साहेब." आप्पासाहेब अजून बाईंकडे गेलेले नाहीत.

तेव्हा मित्रांनो, माझी काच मऊ कापडाने पुसा, मला उन्हात ठेवू नका, माझ्या पोटातलं मात्र काही पुसू नका. मंजुळाबाई अधूनमधून येतात. मला बांधून स्वतःच्या नाचाकडे पाठ करून बसतात आणि शेवटपर्यंत किशनकडे बघत राहतात. उठताना आप्पासाहेबांवरही एक नजर टाकतात, आणि पोट धरून हसतात.