सगळ्यांचं कॅलेंडर

"आठवेल तसं टाइप करत बसू नका. आधी फोनचं इंटरनेट बंद करा. रडायचं असेल तर नंतर रडा," सर्व्हरकाकू म्हणाल्या.

आम्ही सगळ्या सिस्टर खांद्याला बॅगा लावून ऑफिसच्या मधल्या खोलीत उभ्या होतो आणि प्रत्येकीच्या फोनमधलं कॅलेंडर कोरं होतं. आमची संस्था अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करते. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं कॅथेटर, कुणाची नुसती कूस बदलायची. कुणी कुणाकडे किती वाजता जायचं हे सगळं त्या एका कॅलेंडरमध्ये असतं आणि ते सगळ्यांच्या फोनमध्ये एकसारखं दिसतं. त्या सोमवारी सकाळी ते उघडलं तर आत काही नाही. पेशंटचे पत्तेही गायब. मला माझ्या पहिल्या दोन व्हिजिट पाठ होत्या, पुढे सगळा अंधार.

"कुणी केला हा उद्योग?" मेट्रनबाई खोलीभर फिरत होत्या. "फोन म्हणजे खेळणं वाटतं तुम्हाला. मागच्या आठवड्यात कोण गाणी ऐकत होतं जिन्यात?"

जिन्यात गाणी ऐकणारी मीच होते. मी खाली बघितलं. मेट्रनबाईंच्या नाकावर कधी माशी बसली नाही. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या, त्यामुळे जाण्याआधी आम्हाला पुरतं वळण लावून जायची त्यांना घाई होती. पण एक सांगते, रात्री-अपरात्री पेशंट गेला तर घरच्यांच्या आधी त्या तिथे पोचलेल्या असायच्या. आम्ही त्यांना घाबरायचो आणि आजारी पडलो तर त्यांनाच फोन करायचो.

काकू आतल्या खोलीत गेल्या. तिथे चादरींचे गठ्ठे, बेडपॅन, मोडकी व्हीलचेअर, आणि खालच्या फळीवर एक म्हातारा कॉम्प्युटर. तोच आमचा सर्व्हर. काकू इथे फोन घ्यायच्या नोकरीवर आल्या होत्या. तेव्हा भिंतीवर एक पांढरा फळा होता आणि काकूंचा आवाज होता, बस्स. एका घरी दोन सिस्टर पोचायच्या आणि दुसरीकडे पेशंट ओला पडून राहायचा. शिव्या मात्र काकूंच्या वाट्याला. शेवटी वैतागून त्यांनी कुठे कुठे वाचलं, विचारलं, टाकाऊ कॉम्प्युटर मागून घेतला आणि त्यावर हे बसवलं: सगळ्यांची मिळून एक मेलपेटी, एक कॅलेंडर, एक पत्त्यांचा साठा. ओपन सोर्स. म्हणजे आतली सगळी जुळणी उघडी, कुणीही बघावी, कुणीही सुधारावी. जगाच्या पाठीवर विखुरलेली माणसं मिळून ते बनवतात. त्यातली कित्येक एकमेकांना कधी भेटलेलीसुद्धा नाहीत. अडलं की काकू डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांना इंग्रजीत मेल लिहायच्या आणि कुणीतरी शांतपणे उत्तर द्यायचं.

हे फुकट घेणं काकूंना रुचेना. म्हणून त्यांनी त्याच्या पडद्यावरचे सगळे शब्द मराठीत आणून दिले. संध्याकाळी बसून एकेक शब्द घोळवायच्या आणि आम्हाला छळायच्या. बोलावणं आलं की एक बटण होकाराचं असतं, एक नकाराचं. नकाराच्या बटणाला त्यांनी आधी 'नाकारा' लिहिलं होतं. मेट्रनबाईंच्या मीटिंगला 'नाकारा' दाबायची छाती कुणाला होणार? आम्ही सगळ्या मुकाट होकार देत होतो आणि मग दांड्या मारत होतो. काकूंनी ते बदलून 'जमणार नाही' केलं. तेव्हापासून आम्ही खरं बोलायला लागलो.

पत्त्यांची तर वेगळीच मजा होती. प्रत्येक पत्त्याखाली टिपणाला जागा होती आणि आम्ही तिथे मनातलं लिहायचो. 'बेल वाजवू नका, आजोबा दचकतात.' 'किल्ली समोरच्या टेलरकडे.' 'मुलगा होकार देतो, पण विचारायचं सुनेला.' ऑफिसात बसून कुणाला हे सुचलं नसतं. एखादी नवी सिस्टर पहिल्यांदा त्या घरी गेली तरी परकी वाटायची नाही.

काकू कॉम्प्युटरसमोर स्टूल ओढून बसल्या. मी दिवा धरायच्या निमित्ताने मागे उभी राहिले. त्यांनी एक लांबलचक यादी उघडली, कुणी कधी काय केलं याची. त्यावरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. रविवारी दुपारी, एकाच फोनवरून, आधी सगळी कॅलेंडरं पुसली गेली होती आणि लगेच पाठोपाठ पत्ते. फोनच्या मालकिणीचं नाव पुढे होतं. बाहेरून त्याच मालकिणीचा आवाज येत होता, "आजकालच्या मुलींना जबाबदारी म्हणून कशाची नाही."

काकूंनी यादी बंद केली. माझ्याकडे वळून बघितलं.

"तू काही वाचलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही काकू."

शनिवारी रात्रीची नक्कल डिस्कवर होती. ती त्यांनी परत चढवायला घेतली. पडद्यावर अक्षरं धावत होती आणि काकू ओठ चावत बसल्या होत्या. जरा वेळाने त्यांनी हाक मारली आणि आम्ही इंटरनेट सुरू केलं. एकेकीचा फोन थरथरायला लागला. माणसं परत आली. माझा जीव भांड्यात पडला.

"थांब," काकू म्हणाल्या. "ही शनिवारपर्यंतची आहे. रविवारी कुणी नवीन आलं असेल तर ते यात नाही."

मेट्रनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो, हॉस्पिटलनं कालच एका बाईंना घरी सोडलं. मी काल सकाळीच कॅलेंडरात टाकलं होतं. पत्ता काही मला तोंडपाठ नाही." पण हॉस्पिटलचा मेल सगळ्यांच्या मेलपेटीत होता. मेलला कुणाचा हात लागला नव्हता. काकूंनी तो शोधला, पत्ता भरला, व्हिजिट माझ्या नावावर घातली आणि मला अक्षरशः ढकललं. "पळ. नाश्त्याआधी इन्सुलिन आहे त्यांना."

मी पोचले तेव्हा त्या बाई नाश्त्याची ताटली समोर झाकून ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. "उशीर केलात," एवढंच म्हणाल्या. मी माफी मागितली आणि इन्सुलिन भरायला घेतलं.

दुपारी परतले तर संस्थेचे सचिव आले होते. वाईट माणूस नाही. त्यांच्या आईला शेवटची दोन वर्षं आम्हीच बघितलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त घाबरले होते.

"माझी आई असती आज आणि तुम्ही कुणी पोचलाच नसता तर?" ते म्हणाले. "मला कळू दे, झालं कसं?"

"फोनमधली नोंद वेगळी आणि इथली वेगळी असं नसतं साहेब," काकू सांगायला लागल्या. "ती एकच. कुणी आपल्या फोनमधून पुसली की सगळीकडची पुसली जाते. समजा एखादीला वाटलं, जुना फोन दुसऱ्याला द्यायचाय, तर आतलं साफ करून देऊ…"

मेट्रनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा माझ्या देखत उतरत गेला. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या.

"कुणी पुसलं?" सचिवांनी विचारलं. "नाव कळत असेल ना तुमच्या यंत्राला?"

"कळतं."

"मग?"

"पुसलेलं तीस दिवस सांभाळून ठेवायची सोय नव्या आवृत्तीत आली आहे. ती बसवायला अर्धा दिवस सगळं बंद ठेवावं लागतं, म्हणून मी आज-उद्या करत राहिले. तेव्हा नाव लिहायचं तर माझं लिहा."

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय."

"हो," काकू म्हणाल्या. "घालतेय."

सचिवांनी कपाळाला हात लावला. "ठीक आहे. मग आजपासून कॅलेंडरात फक्त ऑफिसनं लिहायचं. सिस्टर फक्त बघतील."

काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. "पेशंटच्या उशाशी बसलेल्या मुलीला लिहिता येणार नाही? तिनं फोन करून मला सांगायचं, मी लिहायचं, आणि मी जेवायला गेले तर? साहेब, हे सगळं उभं आहे ते या मुलींच्या लिहिण्यावर. कुलूपच लावायचं तर फळा परत टांगू या."

मग मेट्रनबाई भिंतीपासून सरळ झाल्या, अगदी राउंडला निघतात तशा.

"नाव माझं लिहा," त्या म्हणाल्या. "बहिणीला फोन द्यायचा होता. पेशंटच्या खाजगी गोष्टी त्यात राहू नयेत म्हणून मी काल बसून सगळं पुसलं. फार व्यवस्थित पुसलं." त्यांनी आमच्याकडे हात केला. "आणि सकाळपासून या मुलींना बोलत होते. यांच्यातल्या कुणाचंही लिहिणं बंद करू नका. माझं करा."

मला वाटलं होतं की सकाळचा वचपा निघाल्यावर मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. उभा जन्म त्या घराघरांत घालवलेल्या बाई, आणि जाताना त्यांच्या नावावर एवढंच राहणार होतं, की यांनी सगळ्यांना पुसलं. त्यांनाही तेच दिसत होतं. त्या कुणाकडे न बघता खुर्चीत बसल्या.

सचिवही गोंधळले. शेवटी म्हणाले, "काकू, तुमची ती सोय बसवा. मला डोळ्यांनी दाखवा. पटलं तर राहू दे उघडं."

पुढच्या रविवारी काकूंनी सगळं बंद करून नवी आवृत्ती बसवली. दोनदा अडल्या. दोनदा त्या दूरच्या कुणीतरी, बाई की बुवा हे काकूंना आजतागायत माहीत नाही, सुट्टीच्या दिवशी उत्तर दिलं. याबद्दल काकूंना विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "माणसं आहेत गं अजून."

सोमवारी सचिव येऊन बसले. आम्ही कोंडाळं केलं. काकूंनी दिवसाचं कॅलेंडर मोठ्या पडद्यावर लावलं आणि खुर्ची मागे सारली.

"मेट्रनबाई, या. पुसा."

"काय पुसू?"

"सगळं."

"मी नाही. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसऱ्या कुणी नको. तुम्हीच."

मेट्रनबाईंनी माउस धरला, सोडला, परत धरला. ज्या हातांनी त्यांनी माझ्यासमोर कोवळ्या शिरेत एका झटक्यात सुई घातली होती, ते हात. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं. पडदा कोरा झाला. आमच्या खिशांतले फोन एकापाठोपाठ एक थरथरले. सचिव उठून उभे राहिले.

"आता कोपऱ्यात कचरापेटी दिसतेय?" काकू हळू आवाजात म्हणाल्या. "उघडा. सगळं निवडा. 'परत ठेवा' म्हणा."

मेट्रनबाईंनी सावकाश, एकेक अक्षर वाचत, ते केलं. व्हिजिट ओळीनं परत आल्या. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहिलं, कुणी गाळलं नाही ना. मग खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "बघत काय बसलात? नऊ वाजून गेले. निघा."

सचिव हसले. कॅलेंडर उघडं राहिलं.

महिनाअखेर निरोपाचं बोलणं झालं, सगळे पांगले, तेव्हा मेट्रनबाईंनी आपला फोन काकूंच्या टेबलावर ठेवला. "आता यातलं काढा. उद्यापासून मला यातलं काही बघायचा हक्क नाही."

"तुम्हीच काढा," काकू म्हणाल्या. "एकेक पुसायचं नाही. हे खातं दिसतंय ना, तेवढंच फोनमधून उतरवायचं. इथलं इथेच राहतं."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी खातं उतरवलं. मग टेबलाला वळसा घालून काकूंच्या पडद्यासमोर आल्या. उद्याचा दिवस भरलेला होता, त्यांच्या व्हिजिट आमच्यात वाटून झाल्या होत्या. एका नावापुढे माझं नाव बघून म्हणाल्या, "त्या आजींना डाव्या कुशीवर झोपवू नकोस. दुखतं त्यांना."

"ते खाली लिहिलंय तुम्ही," मी म्हणाले.

"हो का? बरं झालं."

त्यांनी पर्स उचलली आणि जिना उतरल्या. मी आणि काकू खिडकीशी होतो. फुटपाथवर येऊन त्यांनी सवयीने फोन काढला, कुठे जायचं ते बघायला. क्षणभर बघत राहिल्या. मग फोन पर्समध्ये ठेवला, चेन ओढली, आणि रस्ता ओलांडून घराकडे चालू लागल्या.